फौंड्रीतल्या आणि उसाच्या फडातल्या कामगारांसाठी आम्ही विद्यार्थ्यांनी नेमके काय करावे?

प्रश्न
शिरोलीची_स्वयंसेविका

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका आहे. आमचे घर शिरोली औद्योगिक वसाहतीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. समोरच्या दुमजली चाळीत बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले फौंड्री कामगार, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांतील कामगार, राहतात. एका खोलीत सहा-सात जण असतात आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाचे अंथरूण गुंडाळले की त्याच जागी दुसऱ्याचे पसरले जाते. गेली चार वर्षे मी त्यांना रोज येता-जाता पाहते, पण मागच्या महिन्यापर्यंत त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते, हे आधीच कबूल करते.

मागच्या महिन्यात त्यांच्यातील एक जण, वयाने माझ्या थोरल्या भावाएवढा, संध्याकाळी आमच्या दारात आला आणि एका कागदाची झेरॉक्स वडिलांच्या हातात देऊन ती वाचून दाखवण्याची त्याने विनंती केली. बहिणीच्या लग्नाला गावी जायचे होते आणि ठेकेदाराने रजेच्या अर्जावर आपली सही घेतली आहे, अशी त्याची समजूत होती. कागद मराठीत होता. त्याला हिंदी वाचता येते, त्यामुळे अक्षरे लागत होती. ‘उपरोक्त’, ‘स्वखुशीने’, ‘येणे बाकी नाही’ हे शब्द तो एकेक करून उच्चारतही होता, पण त्यांतून अर्थ काही हाती लागत नव्हता. वडिलांनी वाचले तेव्हा कळले की, आपण स्वखुशीने काम सोडत आहोत, सर्व हिशेब चुकता झाला आहे आणि कोणतीही रक्कम येणे बाकी नाही, असे त्यात लिहिले होते. प्रत्यक्षात त्याची दीड महिन्याची मजुरी आणि ओव्हरटाइमचे पैसे यायचे होते. वडिलांनी समजावून सांगितल्यावर तो काही वेळ उंबऱ्याशी तसाच उभा राहिला, मग कागदाची पुन्हा त्याच घड्यांवर घडी करून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि जिना चढून खोलीत गेला.

तो कागद त्याने सही करण्याआधी आणला असता, तर बारावी झालेल्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला तो वाचून सांगता आला असता. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आमच्या गल्लीत महाविद्यालयात जाणारी अकरा मुले-मुली आहेत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बैठकीत मी हा विषय मांडला. काहींनी थंडीत ब्लँकेटवाटप करू या, असे सुचवले. काहींचे म्हणणे होते की, हे काम कामगार खात्याचे आहे आणि आपण त्यात पडू नये. एका मित्राने सरळ विचारले की, आपल्या गावातील मुलांना काम नसताना बाहेरून आलेल्यांची सेवा आपण का करावी? मला कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्याच परिसरातील विद्यार्थी घराघरांतून गाळ उपसत होते, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा अडकलेल्या परप्रांतीय ट्रकचालकांना जेवणाचे डबे नेऊन देत होते, आणि तेव्हा ‘हे कुठले’ असे कोणी विचारले नव्हते. मग एरवी हा प्रश्न का येतो?

योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर अपेक्षित असते. शिबिर दत्तक गावात होते. ही वस्ती मात्र कोणाच्याच दत्तक गावात मोडत नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे की, विद्यार्थ्यांवर ही जबाबदारी खरोखर येते का, आणि येत असेल तर त्या माणसांचे नुकसान न करता आम्ही काय करू शकतो?

प्रतिसाद १
साचेकाम

ताई, महाविद्यालयात असताना आम्ही पाच मित्रांनी गोकुळ शिरगावच्या बाजूला एका वस्तीत तीन वर्षे दर आठवड्याला दोन तास मदत केंद्र चालवले होते. आज मी स्वतः एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात नोकरी करतो. या दोन्ही अनुभवांवरून लिहितो आहे.

सर्वांत आधी वेळेविषयी. आम्ही सुरुवातीला आमच्या सोयीने रविवारी जात होतो आणि महिनाभर रिकामे बसून परत येत होतो. त्या भागातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते, एवढी साधी चौकशीदेखील आम्ही केली नव्हती. पुढे सोमवारी संध्याकाळी पाच ते सात ही वेळ ठरवली आणि चहाच्या टपरीशेजारच्या बाकड्यावर बसू लागलो. पहिल्या चार-पाच आठवड्यांत मोजून तीन माणसे आली. दहाव्या आठवड्यानंतर मात्र आम्ही पोहोचण्यापूर्वीच माणसे बाकड्यावर बसलेली असत. या लोकांकडे एकदा येऊन जाणारे पुष्कळ येतात. पुढच्या सोमवारी हीच मुले याच जागी पुन्हा दिसणार आहेत, याची खात्री पटल्याशिवाय कोणी आपले कागद पिशवीतून बाहेर काढत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, परीक्षेच्या काळातही किमान दोघे जण बसू शकतील इतकेच काम अंगावर घ्या.

आता कामाविषयी. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही व्यवस्था २०१९ मध्ये चार राज्यांपासून सुरू झाली आणि २०२२ च्या जूनपर्यंत देशभर लागू झाली. बिहारच्या कार्डावर नाव असलेला माणूस कोल्हापुरातील रेशन दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो आणि त्याच कार्डावर घरचे लोक गावी त्यांचा वाटा घेऊ शकतात. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. सहा जणांच्या खोलीला हे धान्य मिळाले तर महिन्याच्या खर्चात किती फरक पडतो, याचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. आमच्या वस्तीत हे जवळजवळ कोणालाच माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत होते ते दुकानदाराने एकदा ‘यंत्र घेत नाही’ असे सांगितल्यावर पुन्हा गेले नव्हते.

यंत्र घेत नाही, हे खोटे नव्हते. साचे करणाऱ्या आणि फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामावर असलेल्या माणसाच्या बोटांवरील रेषा वाळूने आणि ग्राइंडरने झिजून जातात. मी एका कामगाराबरोबर रेशन दुकानात गेलो होतो. त्याने हात धुतले, पँटला पुसले आणि एकामागून एक बोट दुकानातील ठसे ओळखणाऱ्या ई-पॉस यंत्रावर ठेवत गेला. प्रत्येक वेळी लाल दिवा लागत होता आणि मागे रांगेत उभे असलेले लोक अस्वस्थ होत होते. मी बरोबर नसतो, तर तो तिसऱ्या बोटालाच घरी परतला असता, हे त्याने मला नंतर सांगितले. आठवे बोट, डाव्या हाताची अनामिका, यंत्राने ओळखले. पुढे त्याला आधार केंद्रात नेऊन ठसे नव्याने नोंदवले. त्या दिवशी मी कोणतेही मोठे काम केले नव्हते. त्याच्या शेजारी उभा राहून दुकानदाराला ‘अजून एकदा घ्या’ एवढेच मराठीत म्हणत होतो.

दुसरा मोठा विषय पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचा आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कारखान्यातून ईएसआय लागू होते. त्याच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम भरली जाते. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण आपला विमा क्रमांक काय आहे आणि त्यावर गावी असलेल्या पत्नीला व मुलांनाही उपचार मिळू शकतात, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. पीएफमध्ये नावांचा घोळ असतो. आधारवर ‘मो.’ आणि कारखान्याच्या नोंदीत ‘मोहम्मद’, किंवा एकीकडे ‘कुमार’ आणि दुसरीकडे ‘प्रसाद’, एवढ्यावरून वर्षानुवर्षांची रक्कम अडकून पडते. तीन ठेकेदार बदललेल्या माणसाचे तीन यूएएन, म्हणजे पीएफचे क्रमांक, निघतात. हे सर्व जुळवायला मोबाइल, चिकाटी आणि वाचता येणे लागते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत.

ई-श्रम या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील नोंदणी २०२१ च्या ऑगस्टपासून सुरू आहे. वय १६ ते ५९ असावे लागते, नोंदणीला शुल्क नाही आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. परंतु ज्याला पीएफ किंवा ईएसआय आहे त्याची नोंदणी त्यात होत नाही, ती असंघटित कामगारांसाठी आहे. येथे आमच्या हातून चूक झाली. सरसकट सर्वांना ‘नोंदणी करा, फायदा होईल’ असे आम्ही सांगत सुटलो, आणि काही जण त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून बसले. कोणाला काय लागू होते, हे तपासल्याशिवाय एक शब्दही बोलू नये, हे तेव्हा शिकलो.

आणखी एक चूक सांगतो, कारण ती आपल्याकडून होऊ नये. पहिल्या वर्षी आम्ही सोयीसाठी लोकांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवत होतो. आमच्यापैकी एकाचा मोबाइल बसमध्ये चोरीला गेला. सुदैवाने त्यातून काही वाईट घडले नाही, पण चाळीस माणसांना तोंड कसे दाखवावे, या विचाराने आम्ही आठवडाभर झोपलो नाही. त्यानंतर नियम केला की, अर्ज त्या माणसाच्याच मोबाइलवरून त्याच्यासमोर भरायचा, ओटीपी त्यानेच वाचून सांगायचा आणि आपल्याकडे कागदाचा तुकडाही ठेवायचा नाही.

प्रतिसाद २
राजारामपुरीकर

मी थोडे वेगळे मत मांडतो आणि ते गैरसमज न करता वाचावे, ही विनंती. माझा धाकटा भाऊ आयटीआय करून दीड वर्षे घरी आहे. ज्या कारखान्यात तो चौकशीला गेला, तेथे ‘आमच्याकडे ठेकेदाराची माणसे आहेत’ असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. ती माणसे बारा तास उभी राहतात, सुट्टी मागत नाहीत आणि कमी पैशांत काम करतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात द्वेष नाही. तीही पोटासाठीच आली आहेत. परंतु आपल्या महाविद्यालयांतील मुलांचे शिक्षण या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या पैशांवर झाले आहे. त्यांचा वेळ आणि श्रम आधी येथील बेरोजगार मुलांसाठी, ऊस बिलाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी खर्च व्हावेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या मित्राला संकुचित ठरवू नये. त्याच्या घरी कदाचित माझ्यासारखीच परिस्थिती असेल.

प्रतिसाद ३
जुने_अर्थशास्त्र

राजारामपुरीकर यांनी मोकळेपणाने लिहिले, याबद्दल त्यांचे आभार. मी तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि त्यांच्या भावासारखी शेकडो मुले माझ्या वर्गातून गेली, त्यामुळे या प्रश्नाला टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

त्यांच्या भावाला परत का पाठवले गेले, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. ठेकेदाराची माणसे बारा तास उभी राहतात आणि कमी पैशांत काम करतात. ती तसे का करतात? ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो हे त्यांना ठाऊक नसते, किमान वेतनाचा तक्ता त्यांनी कधी पाहिलेला नसतो, आणि पाहिला तरी विचारण्याची हिंमत होत नाही, कारण राहण्याची खोलीदेखील ठेकेदाराचीच असते. कायद्याने द्यायचा दाम ज्याला चुकवता येतो, तो मालक स्थानिक मुलाला घेईल कशाला? ज्या दिवशी बाहेरून आलेल्या कामगाराला आपला पूर्ण हक्काचा दाम मागता येईल, त्या दिवशी राजारामपुरीकरांचा भाऊ आणि तो बिहारचा मुलगा एकाच रांगेत, एकाच दरावर उभे राहतील. विद्यार्थी जेव्हा त्या मुलाला पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवतात, तेव्हा ते आपल्या भावाविरुद्ध काम करत नसतात. हे मी केवळ भावनेने म्हणत नाही. मजुरीचा बाजार असाच चालतो.

दुसरे, आपल्या शहराविषयी. शाहूपुरीची पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि तेथे व्यापार करायला बाहेरची माणसे यावीत हाच त्यामागचा हेतू होता. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग उभे राहिले, त्या आणि पुढील काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, आणि परगावचा मुलगा जेवायला कुठे बसेल व झोपेल कुठे, ही चिंता या शहराने स्वतःची मानली. माझे वडील अशाच एका बोर्डिंगच्या पंक्तीत जेवून शिकले. ते करवीरचे नव्हते, सीमेपलीकडच्या खेड्यातून आले होते. ज्यांच्या घरात अशी एक तरी आठवण आहे, त्यांना ‘बाहेरचा’ हा शब्द उच्चारताना थोडे थांबावे लागते.

विद्यार्थ्यांवर जबाबदारी का येते, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. त्या वस्तीत ज्या गोष्टीचा तुटवडा आहे, म्हणजे सरकारी मराठी वाचणे, अर्ज भरणे, कोणत्या खिडकीवर जायचे हे ठाऊक असणे, ती गोष्ट विद्यार्थ्यांकडे भरपूर आहे आणि ती त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली नाही. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचा पगार सरकारी तिजोरीतून होतो, आणि त्या तिजोरीत शिरोलीतील कामगाराने विकत घेतलेल्या साबणावरचा करही असतो. ज्या बोजड सरकारी मराठीची आपण थट्टा करतो, तिच्यातील कागदावर ज्या माणसाची सही घेतली जाते त्याच्यासाठी ती थट्टेचा विषय नसते, हे ताईंनी सांगितलेल्या प्रसंगातून दिसतेच.

राहता राहिला ब्लँकेटचा प्रश्न. द्यायचे असल्यास जरूर द्यावे, परंतु तेवढ्यावर योजनेचे तास भरू नयेत.

प्रतिसाद ४
फडातली_लेक

मी बीड जिल्ह्यातील आहे आणि आज कोल्हापुरात एम. ए. करते. माझे आई-वडील सतरा हंगाम या जिल्ह्यात ऊसतोडीला येत होते. वरील चर्चेत फौंड्रीचे कामगार आहेत, फडातले अजून कोणी आणले नाहीत, म्हणून लिहिते.

दिवाळी झाली की मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असायची आणि ती बहुधा आधीच्या वर्षीच्या देण्यात गेलेली असायची. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. माझी आई एकटी कधीच मोजली गेली नाही. कारखान्याच्या जवळ कोरड्या जमिनीवर बांबू आणि ताडपत्रीची खोपी उभी राहायची. रात्री दोन-तीन वाजता गाडी भरायला हाक यायची, आणि आई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायची. ती फळी पहाटेच्या दवाने ओली असायची. मी खाली धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी राहायचे आणि आईच्या पायांकडे पाहत राहायचे. ऊस, खोपी, धूर, थंडी हे सगळे आता पुसट झाले आहे, पण त्या फळीवरचे आईचे पाय अजून डोळ्यांसमोर येतात.

मी तिसरीत असताना कागल भागातील एका महाविद्यालयाची मुले-मुली खोप्यांवर ब्लँकेट घेऊन आली होती. ब्लँकेट चांगले होते, ते आम्ही पुढे अनेक वर्षे वापरले, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पण ब्लँकेट देण्याआधी आम्हा मुलांना रांगेत बसवले गेले, मागे फलक धरला गेला, आणि फोटो नीट आला नाही म्हणून माझ्या भावाच्या हातातील ब्लँकेट परत घेऊन पुन्हा दिले गेले. तो रडू लागला, कारण त्याला वाटले की आता ते मिळणार नाही. ती मुले वाईट नव्हती. त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

त्याच्या पुढच्या हंगामात एक ताई येऊ लागली. ती जवळच्याच गावातील होती आणि महाविद्यालयातून परत जाताना सायकल बांधाला लावून संध्याकाळी तासभर आमच्याजवळ बसायची. वही नसली तर मातीत लिहायची. भागाकार मी तिच्याकडूनच शिकले, उसाच्या कांड्यांचे ढीग करून. पण तिने केलेले मोठे काम वेगळेच होते. जानेवारीत एके दिवशी ती माझ्या वडिलांना घेऊन त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेली आणि मला तेथे बसू द्यावे, अशी तिने मुख्याध्यापकांना विनंती केली. दाखला नव्हता. मुख्याध्यापक भले होते, त्यांनी बसवून घेतले, आणि मार्चमध्ये आम्ही गावी निघालो तेव्हा हजेरी व अभ्यासाची नोंद असलेले पत्र हातात दिले. त्या पत्रावर माझ्या गावच्या शाळेने मला पुढच्या इयत्तेत घेतले. त्याआधी दर वर्षी मी निम्मे वर्ष बुडवून मागे पडत होते आणि आणखी एक-दोन वर्षांत शाळा सुटली असती, जशी माझ्या चुलत बहिणीची सुटली.

आता शिक्षण हक्क कायदा आहे, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तरीही हंगामात खोप्यांजवळून जाताना दिवसा मुले दिसली की समजावे, कोणी त्यांच्या वडिलांना शाळेपर्यंत घेऊन गेलेले नाही. वडील स्वतः जात नाहीत, कारण एक दिवस खाडा झाला की मुकादम तो हिशेबात धरतो, आणि शाळेच्या दारात कसे बोलावे हे त्यांना सुचत नाही.

ताई, तुमच्या बैठकीत ‘सेवा’ हा शब्द वापरला गेला असेल. त्या शब्दाने मला थोडे अवघडल्यासारखे होते. सायकलवाल्या ताईने तो कधी वापरला नाही. ती आईने दिलेला कोरा चहा आमच्याबरोबर बसून प्यायची आणि जाताना ‘उद्या येते गं’ म्हणायची, आणि यायची. मुकादमाला तिने पहिल्याच दिवशी भेटून, मी मुलांना शिकवायला येणार आहे, असे उघड सांगितले होते, त्यामुळे माझ्या वडिलांना कधी त्रास झाला नाही. हे फार महत्त्वाचे आहे. तुम्ही संध्याकाळी घरी जाल, रात्री मुकादमासमोर उभे राहायचे ते आम्हालाच.

प्रतिसाद ५
विधी_तृतीय_वर्ष

वरील प्रतिसाद वाचून कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता. आता तो चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला असून या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. जुन्या आणि नव्या दोन्ही व्याख्यांत ‘दुसऱ्या राज्यातून’ येणे ही अट आहे. त्यामुळे बिहारहून शिरोलीला आलेला कामगार त्यात बसतो, पण बीडहून कागलला आलेले ‘फडातली लेक’ यांचे आई-वडील बसत नाहीत. शेकडो किलोमीटर प्रवास करून ताडपत्रीखाली राहणारे कुटुंब कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नाही, हे मला वर्गात प्रथम कळले तेव्हा मी प्राध्यापकांना पुन्हा विचारले होते.

ताईंनी सांगितलेल्या कागदाविषयी एवढेच सांगते की, अशी सही झाली म्हणजे सर्व संपले, असे मुळीच नाही. फसवून घेतलेल्या सहीला आव्हान देता येते, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हजेरीचे कार्ड, बँकेतील आधीच्या पगाराच्या नोंदी, ठेकेदाराशी झालेले मोबाइलवरचे संदेश, बरोबर काम करणाऱ्यांचे जबाब, हे सर्व जपून ठेवावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगाराला, तसेच कोणत्याही स्त्रीला, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यावा लागतो. १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. बालमजुरी किंवा हरवलेले मूल दिसल्यास १०९८.

विद्यार्थ्यांनी स्वतः ठेकेदाराशी वाद घालायला जाऊ नये. कामगाराची इच्छा नसेल तर तक्रारही करू नये, ती कितीही न्याय्य वाटली तरी. निर्णय त्याचा असतो, कारण नोकरी आणि खोली त्याची जाणार असते.

प्रतिसाद ६
राजारामपुरीकर

‘जुने अर्थशास्त्र’ सरांचा मुद्दा मी दोनदा वाचला. माझ्या भावालाही वाचून दाखवला. आम्ही दोघांनी या बाजूने विचार केला नव्हता. सर्व पटले असे म्हणणार नाही, कारण घरी बसलेल्या मुलाचे दुःख वेगळे असते. पण एक विचारतो. किमान वेतनाचा तक्ता मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत छापून वसाहतीतील चहाच्या टपऱ्यांवर लावला, तर ते स्थानिक आणि बाहेरच्या अशा दोन्ही मुलांच्या उपयोगाचे होईल का? माझ्या भावाला संगणकावर मांडणी चांगली येते. तो करून देईल.

शिरोलीची_स्वयंसेविका

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात येथील प्रतिसाद छापून मी आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना दिले. त्यांनी चार स्वयंसेवकांना तीन महिन्यांसाठी परवानगी दिली आहे. दर सोमवारी संध्याकाळी पाच ते सात, चाळीच्या कोपऱ्यावरील किराणा दुकानासमोर बसायचे; हे तास योजनेत धरले जातील आणि फोटो काढायचा नाही, हे आम्ही आधीच लिहून दिले आहे. राजारामपुरीकर दादा, तक्त्याची कल्पना त्यांना फार आवडली. दर नेमके कोणते छापायचे, ते सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून लेखी घेऊ आणि मगच आपल्या भावाकडे देऊ.

त्या कामगाराविषयी सांगायचे राहिले. तो लग्नाला गावी गेला आहे. जाण्यापूर्वी वडील आणि मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. विधी शाखेच्या ताईंनी लिहिलेले सर्व त्याला हिंदीत समजावून सांगितले. त्याने हजेरीची कार्डे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोलीतील चुलत भावाकडे ठेवली आहेत. तक्रार करायची की नाही, हे परत आल्यावर ठरवीन, असे तो म्हणाला. आम्ही आग्रह केला नाही.

‘फडातली लेक’ ताई, पुढच्या हंगामात आमच्यापैकी दोघी जणींना खोप्यांवर यायचे आहे. मुकादमाशी पहिले बोलणे कसे करावे, हे आपल्याकडून प्रत्यक्ष समजून घेता आले तर बरे होईल. आपल्याला सवड असेल तेव्हा कळवावे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. चाळीतील तिघे जण केवळ ओडिया बोलतात आणि वाचतात. हिंदी त्यांना कामापुरतीच कळते. त्यांतील एकाला सतत खोकला आहे आणि तो शेकआऊटवर, म्हणजे साचा फोडून वाळू झाडण्याच्या जागी, काम करतो. त्याला दवाखान्यात न्यायचे आहे, परंतु किती दिवसांपासून त्रास आहे, धुळीत किती वर्षे काम केले आहे, हे डॉक्टरांना नीट सांगता आले पाहिजे, नाहीतर नुसते खोकल्याचे औषध देऊन परत पाठवतील. कोल्हापुरात ओडिया जाणणारे कोणी असल्यास, किंवा कोणाच्या ओळखीचे असल्यास, येत्या सोमवारपूर्वी कृपया येथेच लिहावे.